छोट्या पंडितचा पिट्ठू

लोकांना हेवा वाटतो तो कुणाच्या ओलिताच्या शेताचा, कुणाच्या पोराच्या नोकरीचा. माझा सगळा हेवा एका माणसाच्या खिशांवर खर्च झाला. खिशांत पैसे होते म्हणून नव्हे. महिनाअखेरीला तो माझ्यापेक्षाही कडका असायचा. कोणत्या खिशात काय आहे हे त्याला न बघता माहीत असायचं, एवढंच. आणि तेवढ्यावर अख्खी कंपनी त्याच्यावर जीव टाकायची.

तो अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातला. बाप, आजा, पणजा सगळे पूजा सांगणारे. त्या घरातून हा एकटाच उठून पायदळात भरती झाला होता, का ते त्याने कधी धड सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "धोतर मले सुधरत नव्हतं," म्हणजे जमत नव्हतं. मी मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. एकाच पलटणीत, एकाच सेक्शनमध्ये आलो आणि साहेबांनी आम्हाला बडी लावून दिलं. पायदळात प्रत्येक जवानाला एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. खाणं, झोपणं, पहारा, सगळं त्याच्यासोबत. दोघं वऱ्हाडी आहेत, यांचं जमेल, असा साहेबांचा अंदाज. भाषा जमली. पण माझ्या पोटात पहिल्या आठवड्यापासून दुखायला लागलं ते दुखायचं थांबलं नाही.

पलटणीत देवळाचं बघायला एक पंडितजी असतात. हा भिक्षुकाचा मुलगा, म्हणून सगळे याला छोटे पंडित म्हणायचे. नाव होतं त्याला, पण ते फक्त पगाराच्या कागदावर.

माझं दुःख समजायचं तर आधी जवानाचं सामान समजून घ्यायला हवं. पाठीवर पिट्ठू, म्हणजे मोठी बॅग. छातीवर पाऊच लावलेलं जाकीट: त्यात गोळ्या भरलेली मॅगझिनं, जखमेवर बांधायची पट्टी, पाणी, दोरी, बॅटरी, असं सगळं. सरकार हे सगळ्यांना अगदी सारखं देतं, आणि महिनाभरात दोन जवानांचं सारखं राहत नाही. कुणी छावणीबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पसंतीचं जाकीट घेतो. कुणी सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापून लोंबणारे पट्टे बांधतो, कुणी पाऊचच्या तोंडाला इलॅस्टिक शिवतो, कुणी वाजणाऱ्या कड्यांना चिकटपट्टी गुंडाळतो. एखादा बायकोचा फोटो अशा ठिकाणी ठेवतो की गोळी आधी तिला लागेल. ज्याचा त्याचा संसार असतो तो, आणि दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची खोड जवानांना बायांपेक्षा जास्त असते.

आता पिट्ठू भरणं हा माझा प्रांत. आमच्या बागेतली संत्र्याची पेटी दिल्लीपर्यंत जायची आणि एक फळ चेपायचं नाही, कारण ती मी भरलेली असायची. तळाला तणस किती, जड फळ कुठे, देठ कुणीकडे, फटीत काय कोंबायचं, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून येतं. ट्रेनिंगमध्ये आमचे उस्ताद माझा पिट्ठू उचलून बाकीच्यांना दाखवायचे: "देखो, ऐसे भरा जाता है." तेव्हा मी सगळ्यांत चांगला होतो. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढच्या दुखण्याचं मूळ म्हणून सांगतो.

मग हा आला. त्याचा पिट्ठू दिसायला काहीच नव्हता. एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला बसका. मला वाटलं, चला, हा काही आपल्या वाटेत येत नाही. पहिल्याच रूट मार्चला पाऊस आला आणि आम्ही सगळे पिट्ठू उतरवून, बक्कल सोडून, आतून बरसाती काढायला लागलो. हा चालताचालता उजवा हात मागे घालून बरसाती ओढून अंगावर घेऊन मोकळाही झाला. थांबला नाही, वळला नाही. माझी बरसाती उत्तम घडी घालून, एकही सुरकुती न पडता, बरोबर तळाशी होती.

त्याची ती सगळी विद्या पूजेच्या मांडणीतून आलेली. लहानपणी बाप त्याला यजमानाच्या घरी आधी पाठवायचा, मांडामांड करायला. कलश डावीकडे, घंटा डावीकडे, ताम्हण समोर, पळी-पंचपात्र उजव्या हाताशी, अक्षता त्याच्या अलीकडे, गंध, फुलं. बापाची अट एकच होती, पाटावर एकदा बसलं की आरतीपर्यंत उठायचं नाही. कापूर आत राहिला म्हणून उठावं लागलं, तर यजमानासमोर बाप काही बोलायचा नाही. घरी गेल्यावर बोलायचा, हाताने. त्यातून या गड्याने एक वाक्य काढलं होतं आणि तेच तो उठताबसता सगळ्यांना ऐकवायचा.

"उठा लागलं का मांडणी चुकली."

जाट असो, गढवाली असो, सगळ्यांना वऱ्हाडीतूनच. त्यांना ते कळायचंही. आमच्या कंपनीतला एक सहा फुटी राजस्थानी गडी तर स्वतःच्या पिट्ठूवर हात मारून "उठा लागला तो मांडणी चुकली, भाई" असं म्हणायचा, तेव्हा माझ्या अंगाची लाही व्हायची.

रविवारी त्याचा दरबार भरायचा. बराकीबाहेर ग्राउंड शीट टाकून हा बसायचा, सुईदोरा, कात्री आणि ट्यूबच्या रिंगा घेऊन. एकेक जण आपलं सामान घेऊन यायचा. हा त्याला ते अंगावर चढवायला लावायचा आणि म्हणायचा, "आँख बंद. अब कूद." तो उडी मारायचा. हा मान वाकडी करून ऐकायचा.

"मेस टिनमधला चमचा बोलून राहिला."

खरंच चमचा असायचा. मग, "पानी. पट्टी. पक्कड. बॅटरी." समोरच्याने डोळे मिटून एकेक वस्तू काढून दाखवायची. हात चाचपडला की हा लगेच शिवण उसवायचा आणि पाऊच दोन बोटं अलीकडे सरकवून पुन्हा शिवायचा. सगळं मोफत. बदल्यात कुणी जिलेबी दिली तर खायचा, नाही दिली तर तेही त्याच्या ध्यानात नसायचं. लोक त्याच्यावर जीव टाकायचे ते यामुळेच, आणि मला हे कळत होतं म्हणून राग जास्त यायचा. मतलबी माणसाचा हेवा करायला निदान काही आधार तरी असतो.

साऱ्या कंपनीचे पिट्ठू त्याच्या हाताखालून गेले. एक माझा सोडून. मी कधी घेऊन गेलो नाही. मला काय गरज? पण त्यानेही कधी म्हटलं नाही की आण बा तुझा, पाहू तरी. आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. माझा पिट्ठू मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांसमोर, चारी कोपरे ताठ करून, पट्टे गुंडाळून ठेवायचो. तो यायचा, त्याला एका हाताने बाजूला सारायचा आणि तिथे बसून बूट काढायचा. वर्षानुवर्षं मला त्याच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. चांगला आहे, नाहीतर वाईट आहे. वाईट म्हणाला असता तरी मी भांडून मोकळा झालो असतो.

त्याच्या विक्षिप्तपणाचं लोकांना कौतुक किती, याचा एक किस्सा सांगतो. किट तपासणी असली की प्रत्येकाने आपलं सगळं सामान चादरीवर मांडून बाजूला ताठ उभं राहायचं असतं. आमचे सुभेदार साहेब म्हणजे मिशीला पीळ आणि आवाजाला धार. दोन ओळींमधून जाताना त्यांनी याच्या मांडणीवरून पाय टाकायला उचलला, तोच हा म्हणाला, "साहब, उधर से. इसको लाँघते नहीं."

सगळ्या बराकीचा श्वास अडकला. मला, खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता या बेट्याचा पिट्ठू डोक्यावर आणि मैदानाला फेऱ्या. सुभेदार साहेबांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी खाली पाहिलं. सगळं उजव्या हाताच्या टप्प्यात, अर्धगोल मांडलेलं, मधे एका माणसाला बसायला जागा सोडलेली. साहेबांनी पाय मागे घेतला, वळसा घालून पलीकडे गेले आणि पुढच्याला विचारलं, "तेरा ऐसा क्यों नहीं है?" पुढचा मी होतो.

त्यानंतर मी त्याची नक्कल करायचं ठरवलं. चोरून. तो आंघोळीला गेला की त्याचं जाकीट न्याहाळायचं, कुठला पाऊच कुठे, तोंड कुणीकडे, दोर किती बोटं बाहेर. त्याच्या शिवणी मला पाठ झाल्या. उजवीकडे खाली दुसऱ्या पाऊचमध्ये पट्टी, तिच्यामागे कात्री, कात्रीला काळी दोरी, वर रक्त थांबवायचा आवळपट्टा. मग मी माझंही तसंच शिवून घेतलं, आणि पहिल्याच सरावात तोंडघशी पडलो. मी डावखुरा. त्याचं सगळं उजव्या हातासाठी. माझा हात जिथे जाई तिथे काही नसे आणि जिथे असे तिथे हात पोचत नसे. रात्रंदिवस शिवलेलं सगळं एका दिवसात उसवून मी पहिल्यासारखं केलं.

त्याचा डाव्या हातावर राग होता, हे मला तेव्हा समजलं. पट्टी खरं तर सगळ्यांची एकाच जागी असावी असा नियम, डावीकडे. म्हणजे कुणीही जखमी झाला तरी कुणालाही शोधावी लागत नाही. याने ती उजवीकडे नेली होती. मी एकदा म्हटलं, "अबे, नियम डावीकडं ठेवाचा हाय. काहून हलवली?"

"डाव्या हातानं काई घेत नाईत," तो म्हणाला.

"हे काय पूजा हाय का?"

"पूजा नाई. पन हाताले सवय लागते ना. बाप डाव्या हातावर पळी मारे. आता तो हात पुढं येतच नाई, त्याले मी काय करू?"

मी माझा डावा हात त्याच्या नाकासमोर धरून म्हटलं, "मंग हा काय कामाचा नाई म्हन." तो हसला आणि म्हणाला, "तुया चालते. तुया बापानं मारलं नसन." त्याला काय टोचत होतं आणि काय नाही, ते कळायचं नाही. मला मात्र ते महिनाभर टोचत राहिलं.

माझ्या बायकोचाही एक किस्सा आहे. ती धामणगाव रेल्वे या गावची, स्पष्ट बोलणारी. एकदा मी आणि पंडित सुट्टीवर एकाच गाडीने आलो. अकोल्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं, म्हणून ती मला घ्यायला अकोला स्टेशनवरच आली. फलाटावर येता येता तिच्या चपलेचा पट्टा तुटला. मी म्हटलं, थांब, माझ्या बॅगेत सुईदोरा आहे. मी खाली बसलो, पिट्ठू उघडला, जर्सी काढली, मेस टिन काढला, मोजे काढले. तोवर याने उभ्याउभ्या खिशातून सुई काढली, ओवलेलीच होती, आणि एका पायावर उभ्या असलेल्या तिच्या हातात चप्पल शिवून दिली. "घ्या वयनी," म्हणाला, "घरी गेल्यावर पक्की करून घेजा." आणि निघून गेला. मी फलाटावर मोज्यांच्या ढिगात बसलेलो.

त्यानंतर आमच्या घरात कुठलीही वस्तू सापडली नाही की ती म्हणायची, "त्या पंडित भाऊंच्या खिशात सुई ओवलेली होती. तुमच्याजवळ काहून नसते?" मी म्हणायचो, माझ्याजवळही होती. ती म्हणायची, होती, पण खाली. या "पण खाली"वर आमची जितकी भांडणं झाली तितकी तिच्या माहेरावरूनही झाली नाहीत.

आता तो दिवस. आम्ही डोंगरात होतो, कुठल्या ते सोडा. सकाळची गस्त. पुढे तो, त्याच्या मागे मी, मागे बाकीचे, अंतर ठेवून. आदल्या दिवशीच्या पावसाने वाटेवरचे दगड निसरडे झाले होते. एका वळणावर त्याचा पाय सरकला. ओरडला नाही. पिट्ठूच्या भाराने तिरपा होऊन खालच्या घळीत गेला आणि उजव्या दंडावर एका कपारीवर आपटला. मी वरून पाहिलं तेव्हा तो बसता झाला होता, पण दंड नको त्या जागी वाकला होता आणि बाहीतून रक्त येत होतं, खूप येत होतं. आणि तो डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या कुशीपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होता. पोचत नव्हता. मधे जाकीट, मॅगझिनं, सगळं त्यानेच इतकं घट्ट शिवलेलं. जो हात घ्यायला शिकवलाच नव्हता तो आता घ्यायला पाहत होता आणि बोटं भलतीकडेच जात होती.

मी घसरत खाली उतरलो आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. त्याच्या तोंडाकडे बघत होतो, डोळे फिरायला लागले होते. आणि माझा डावा हात आपोआप गेला. समोरासमोर बसलं की त्याची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला येते, हे तोवर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या अंगावर जी मांडणी एक दिवस टिकली नाही ती त्याच्या अंगावर माझ्या हाताला अशी लागली, की दुसरा पाऊच, काळी दोरी, कात्री, आवळपट्टा, पट्टी, सगळं मी त्याच्या तोंडावरची नजर न काढता काढलं. बाही कापली, दंड वर आवळला, पट्टी दाबून बांधली. दुसरा कुणी असता तर नियमाप्रमाणे डावीकडे शोधत बसला असता, आणि तिथे याने अडकित्ता ठेवला होता.

वरून बाकीचे उतरले, आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब आले. नर्सिंग असिस्टंटने बांधलेलं पाहिलं आणि म्हणाला, वेळेवर बांधलं, नाहीतर हा जात होता. मग त्याने विचारलं, पट्टी कुठली वापरली? याचीच? मिळाली कुठे? मी दाखवलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. नियम मोडला होता आणि त्यापायी माणूस जवळजवळ गेला होता. मी कबूल करतो, स्ट्रेचर बांधत असतानाही माझा एक कान साहेबांच्या तोंडाकडे होता. आता बोलतील. इतक्या वर्षांनी कुणीतरी याच्या मांडणीला चूक म्हणेल.

"पट्टी राइट साइड में क्यों रखी?" साहेबांनी विचारलं.

हा स्ट्रेचरवर, ओठ पांढरे पडलेले. म्हणाला, "साहब, बडी को मालूम था."

पट्टीवरून आमचं एकदा बोलणं झालं होतं, तेवढंच. बाकी सगळं मी चोरून पाहिलं होतं. त्याने मला दाखवलं नव्हतं. आणि हा मला न विचारता बिनधास्त माझ्या नावावर हात झटकून मोकळा झाला. साहेबांनी वाकून पट्टी पाहिली. मग मागच्यांकडे वळून म्हणाले, "सुना? ऐसी लगाओ कि दूसरे का हाथ भी आँख बंद करके पहुँच जाए." आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "शाबाश, पंडित."

शाबाश पंडित. मी तिथेच उभा होतो. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रक्त होतं. पुढे महिनाभर कंपनीत पंडितच्या मांडणीचेच गोडवे: अहो, इतकी अचूक, की दुसऱ्यालाही सापडली. कोणत्या दुसऱ्याला, हे कुणी विचारलं नाही. मला सापडली ती मांडणीमुळे नव्हे, माझ्या जळफळाटामुळे, हे मी सांगणार तरी कुणाला होतो?

त्याचा हात जुळला पण खांद्याच्या वर उचलेना. काही दिवस स्टोअरमध्ये काढले आणि मग तो घरी गेला. मी पुढे पेन्शन येईपर्यंत राहिलो. मला दुसरा बडी मिळाला, चांगला होता, आता गुजरातेत कुठेसा वॉचमन आहे. त्याच्या खिशांत काय होतं ते मला आठवत नाही.

गेल्या वर्षी अमरावतीत रहाटगावकडे घर बांधलं. वास्तुशांतीला गुरुजी कोण, म्हणून विषय निघाला, आणि बायको म्हणाली, "पंडित भाऊंना बोलवा." तो अकोल्यात पुन्हा बापाचं काम करतो, लोक मानतात, हे तिला कुठून कळलं होतं देव जाणे. मी म्हटलं, इथे अमरावतीत गुरुजींचा दुष्काळ पडला का? ती म्हणाली, ज्यांचा जीव वाचवला त्यांच्या हातून शांत करायची सोडून कुणाच्या हातून करता? असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मलाही त्याला पाहायचं होतं.

आला. धोतरात. सुधरलेलं दिसत होतं. केस विरळ, पोट थोडं सुटलेलं, खांद्याला कापडी झोळी. आत येऊन त्याने घरभर नजर फिरवली आणि पाटावर बसला. माझं मन त्याच्या मांडणीकडे. उजवा हात वर होत नाही, आता हा काय करतो, ते बघू. त्याने सगळं एरवी मांडतात त्याहून जवळ, मांडीला टेकून मांडलं होतं. पूजा सुरू झाली. मी यजमान, समोर बसलेलो. मी सवयीने डाव्या हाताने अक्षता उचलल्या.

"उजवा," तो मंत्राच्या मधेच म्हणाला. सगळे हसले. बायको सगळ्यांत जास्त.

तो एकदाही उठला नाही. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, गुरुजी किती व्यवस्थित आहेत. माझा सख्खा मेहुणा मला म्हणाला, भाऊजी, यांना आमच्याकडेही सांगा ना.

पंगती उठल्यावर आम्ही दोघं नव्या गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. वारा बरा होता. तो सुपारी कातरत होता, डाव्या हाताने. मी पाहतोय हे त्याच्या ध्यानात आलं. "शिकला आता," तो म्हणाला, "म्हाताऱ्या पोपटावानी. पन शिकला." इकडचं तिकडचं बोलणं झालं, कोण कुठे आहे, कोण गेला. मग माझ्याने राहवेना.

"एक विचारतो. साऱ्या कंपनीचे पिट्ठू तू खोलून पाहिले. माया कधी हातात घेतला नाई. काहून?"

"तुया पिट्ठू?" त्याने अडकित्ता थांबवला.

"हो. माया."

तो विचारात पडला. खराच पडला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "कसा होता बे तो?"

मला वाटलं, टिंगल करतोय. पण त्याला टिंगल येत नाही, हे मला माहीत होतं. त्याला आठवतच नव्हता. मी म्हटलं, "अबे, आपली खाट खाटीले लागून होती. तुया जाकिटाचा टाका न् टाका मले आजही पाठ हाय. आतल्या शिवनीले पांढरा दोरा होता, काया संपला म्हनून. सांगू अजून? अन् तुले माया पिट्ठू कसा होता हेही मालूम नाई?"

"मले कसा मालूम राहीन?" तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं, मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. "मी पुढं चाले, तू मांगं. बाकीच्याईचे पाहा लागे, त्याईचा काई भरोसा नव्हता. कोन कवा उघडा पडन, सांगता येत नव्हतं. मांगं तू होता तं कायले वळून पाहू?"

एवढं बोलून त्याने सुपारी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. मी खाली जाऊन पाणी घेऊन आलो. तांब्या हातात दिला तेव्हा तो पलीकडच्या संत्र्याच्या बागेकडे बघत होता, बांधावरची झाडं कुणाची म्हणून विचारत होता. मी काहीतरी उत्तर दिलं.

त्याच्या खिशांचा हेवा मी आयुष्यभर केला. तो हेवा मला झेपण्यासारखा होता. पण डोंगराच्या अरुंद वाटेवर, पाठीमागे काय आहे हे बघायची गरज न वाटता, इतकी वर्षं हा माणूस निवांत पुढे चालत होता, याचा जो हेवा मला त्या गच्चीवर वाटला तसा कधी वाटला नव्हता. त्याच्या मागे मी होतो. माझ्या मागे कोण होतं, ते मी आठवायला लागलो. उंच होता की ठेंगणा, बोलका होता की मुका. बराच वेळ आठवून पाहिलं. चेहरा आला नाही.